शाळा सुटायची वेळ

इंगम, ९ जून

ती. सेवेरिना मावशीस,
नमस्कार वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेला वेळ तूच बोलतेस, म्हणून लिहितेय. इथे उसाची तोडणी सुरू झालीय. मी बरी आहे. आई बरी नाही.

तिचं इंग्रजी आता पार गेलं. बोलते ती तुमच्या मायदेशातल्या गावची, पिएमोंतेकडची बोली, आणि ती मला येत नाही. शाळेत पोरं हसतील म्हणून आईनंच ती कधी माझ्या कानावर पडू दिली नाही. रोज दुपारी दाराशी जाते आणि ‘मास्ना, मास्ना’ म्हणून हाका मारते. दार उघडं राहिलं की थेट रस्त्यावर. कुलूप लावलं तर दार बडवते. परवा मी तिचा हात धरला, तर मनगट ओरबाडून काढलं.

डॉक्टर म्हणतात, स्मृतिभ्रंश आता वाढत जाणार. टाउन्सव्हिलच्या वृद्धाश्रमात एक जागा आहे. रेनातो म्हणतो, ताई, हो म्हणून टाक, तुझंही वय झालं. मी अजून काही कळवलेलं नाही. पण काल मी न्हाणीघरात कडी लावून बसले. ती बाहेर रडत होती, तरी उघडलं नाही.

मावशी, हा मास्ना कोण? तिचा कुणी भाऊ होता का?

उत्तर लवकर लिही. तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

तुझी,
लोरेदाना


मरीबा, १६ जून

चि. लोरेदाना हिस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, मास्ना हे कुणाचं नाव नव्हे. आमच्या बोलीत मास्ना म्हणजे लेकरू. शाळा सुटायच्या वेळेला ती लेकरू शोधते म्हणतेस ना? मग ती तुलाच शोधतेय. तू समोर उभी असतेस, पण साठी उलटलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाईत तिला तिची पोर कशी दिसावी?

कडी लावून बसलीस त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. मी असते तर खिडकीतून पळाले असते.

रेनातोला म्हणावं, जरा दम धर. मी बसनं येतेय. गुडघ्यांचं माझं मी बघेन. मी आले की तू बॅग उचलायची आणि कार्डवेलला समुद्रावर जाऊन झोपायचं. वाद घालायचा नाही.

तुझ्या आईला माझी पापी दे. ओरबाडणार नाही अशा बेतानं.

तुझी मावशी,
सेवेरिना


इंगम, ३ जुलै

चि. लोरेदाना हिस,
अनेक आशीर्वाद.

जेवतेस ना? इकडची काळजी करू नकोस म्हणणार नाही. करशीलच.

तुझी आई मला ओळखत नाही. शेजारीण समजते, आणि ही शेजारीण फार वेळ बसते अशी तिची तक्रार आहे. पहिल्या दिवशी मी तिला चांगलं समजावलं, देल्फिना, तुझी मुलगी केव्हाच मोठी झाली. तिनं कप फेकून मारला.

मग इथल्या वृद्धांच्या केंद्रातली नोलीन आली. म्हणाली, तिला खोटं पाडू नका, ती जे शोधतेय त्याबद्दल विचारा, हाताला काम द्या, बाहेर जायचं म्हणाली तर सोबत चाला. मी म्हटलं, बाई, ती माझी बहीण आहे, मला नको शिकवूस. नोलीन हसली आणि चहा मागितला. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी शेंगा सोलायला घेतल्या आणि विचारलं, तुझं लेकरू कसं आहे गं?

लोरेदाना, बाई तासभर बोलत होती. तिचे शब्द तसेच लिहिते. म्हणाली, फार रेंगाळते, दगड उडवत येते, बुटांची वाट लावते, आल्याबरोबर ओरडते मी तिच्यावर. पण ती वळणावर दिसेपर्यंत माझा घास गळ्याखाली उतरत नाही. तिचं इंग्रजी इतकं छान आहे, की दुकानात ती बोलायला लागली की मी मुद्दाम मागे उभी राहते, ऐकत. मग मला म्हणाली, तिला सांगू नका हं, शेफारेल.

मी सांगितलं. शेफार खुशाल.

आम्ही रोज दुपारी कोपऱ्यापर्यंत चालून येतो. दमली की आपणहून परत फिरते. मंगळवारी आणि शुक्रवारी केंद्रात दिवसभर बसवून घेतात, तिथं आपली बोली बोलणारा एक म्हातारा येतो. पुढचं तू आणि रेनातो ठरवा. वृद्धाश्रमात पाठवलंस तरी मी तुला मुलगी म्हणून कमी लेखणार नाही.

झोप काढ. मग ये.

तुझी मावशी,
सेवेरिना


इंगम, १० ऑगस्ट

ती. मावशीस,
नमस्कार वि. वि.

तू गेल्यापासून घर फार शांत आहे. तुझं पत्र मी समुद्रावर वाचलं. वाचून माझं काय झालं ते लिहीत नाही.

रेनातोला सध्या नाही म्हटलंय. तो चिडला, मग म्हणाला, महिन्यातून एक शनिवार-रविवार मी येऊन राहीन. बघू. कधीतरी ती जागा पुन्हा मागावी लागेल, हे मला कळतंय. आई केंद्रात असते तेव्हा मी काहीच करत नाही, नुसती बसते.

तू शिकवलेले बोलीतले शब्द वापरते. माझे उच्चार ऐकून आई हसते. काल संध्याकाळी मी तिचे पाय पुसत होते. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि काहीतरी विचारलं. दोनदा विचारलं तेव्हा समजलं. म्हणत होती, बाई, दिवसभर माझ्याकडे राबतेस, अंधार पडला, घरी तुझी आई वाट बघत असेल, जा आता.

मी तुमच्या बोलीत, चुकतमाकत म्हटलं, मी आईजवळच आहे.

ती म्हणाली, मग बरं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
लोरेदाना