चुकीच्या समुद्राचं गाऱ्हाणं

४ फेब्रुवारी
वही दिवाळीत घेतली, पहिलं पान आज. आधी पेन हरवलं, पेन सापडलं तर वही हरवली. खरं म्हणजे कंटाळा. रत्नागिरीत आत्याकडे चार दिवसांसाठी आले ती अजून इथेच. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, पुढचं बघू. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत बसते. आज एक मांजर बर्फाच्या गाडीवर चढलं आणि… असो.

मुद्दा सु.दादाचा. सुनीलदादा, आत्याचा मुलगा. तेलाच्या बोटीवर आहे, ब्रिटिश नौदलाने भाड्याने घेतलेली. लढाऊ जहाजं जातील तिथे त्यांना तेल द्यायला मागोमाग ही. लंडनला घोळ चाललाय, जहाजं तांबड्या समुद्रात धाडायची की नाही. धाडली तर दादापण आत. त्याचा फोन नाही. आत्याने फोन येईपर्यंत मासे सोडलेत. म्हणजे आम्हा सगळ्यांचेच सुटले.

५ फेब्रु.
मोबाइलवर लंडनची संसद बघितली. समोरासमोर बाकं, सगळे एकदम ओरडतात. डिट्टो मिरकरवाडा, फक्त टोपल्या नाहीत. संरक्षणमंत्री म्हणाला, जहाजं गेली तर फक्त रक्षणाला, लढाईला नाही. समोरच्या बाईने विचारलं, तुमच्यावर कोणी क्षेपणास्त्र डागलं तर? म्हणे, त्यावर आत्ता बोलणं योग्य नाही.

आत्याचे यजमान, तात्या, स्वतः जन्मभर बोटीवर. म्हणाले, "डागणारा आधी विचारतो काय, बाबा रे, रक्षणाला आलास की लढाईला?"

परत कुळथाची पिठी. आवडते मला. पण रोज?

६ फेब्रु.
दुपारी टीव्हीवर जळतं जहाज. 'तांबड्या समुद्रात तेलाच्या बोटीवर हल्ला, ब्रिटिश ताफा हादरला.' निवेदिका स्टुडिओत जमिनीवर रंगवलेल्या निळ्या समुद्रावरून उंच टाचांनी चालत होती. बोटीचं नाव नाही, माणसांचं तर काहीच नाही.

आत्या उठली ती थेट देवळात. मागोमाग अख्खी वाडी. गुरवकाका सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "पत्ता नीट सांगा, देवाला धाडायचाय." मी म्हटलं, तांबडा समुद्र, तेलाची बोट.

"बा देवा म्हाराजा, तांबड्या समुद्रात तेलाच्या बोटीवर आमचं लेकरू हाय, त्याच्या पाठीशी उभा रहा म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आणि विलायतेच्या मंत्र्याला काय ते एकदाचं ठरवायची बुद्धी दे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" वाडीचा हा होकार सगळ्यात मोठा.

कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं.

७ फेब्रु.
फोन आला!! दादा जिब्राल्टरला, पार युरोपच्या टोकाला. बंदरात डेकला रंग मारतोय. तांबड्या समुद्रात गेलेच नाहीत. संध्याकाळी दुसऱ्या चॅनलवर तेच जळतं जहाज, समुद्राचं नाव भलतंच. मग खरं कुठे काय झालं, की झालंच नाही? कोणी सांगेना.

आत्याने बांगडे आणले. तात्या मात्र बेचैन. गुरवकाकांना बोलावून म्हणाले, "आपण देवाला चुकीच्या समुद्रात धाडलं. नवं गाऱ्हाणं घाला, जिब्राल्टरला वळवा."
"देव म्हणजे काय एसटी, वळवायला?"
आत्या तव्यापासून, "राहू दे तिथेच. तिथेपण कोणाची तरी पोरं असतील. आपलं रंग मारतंय."

सहा बांगडे खाल्ले. मी एकटीने.

८ फेब्रु.
लंडनचा निर्णय लांबला. मंत्री म्हणतो पेपरवाल्यांनी चुकीचं छापलं, पेपरवाले म्हणतात मंत्र्यानेच सांगितलं. दादा फोनवर हसत होता, "आम्हालापण आधी बातम्यांतूनच कळतं गो, कुठे जायचं ते."

गाऱ्हाण्याचा व्हिडिओ किनाराभर फिरतोय. रिक्षावाले मला बघून "व्हय म्हाराजा" करतात. मजा. आमराईत मोहोराचा वास. आत्या सुरमई कापतेय. मी म्हणते, उद्या-परवा हर्णेला जाऊन यावं, तिथला संध्याकाळचा लिलाव

थांब, दारात कोणीतरी.

हर्णेचीच एक बाई. ओळखदेख नाही. व्हिडिओ बघून दोन एसट्या बदलून आली. तिचा मुलगा खरोखर तांबड्या समुद्रात, तेलाच्या बोटीवर. फोन नाही. पाणीपण घेतलं नाही, उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्ही गाऱ्हाणं माघारी तर नाय ना घेतलंत?"

तात्या म्हणाले, "नाय, नाय. आहे तिथेच आहे."

आत्याने तिला बसवलं. मग सुरमई तशीच झाकून शेजाऱ्यांकडे देऊन आली. रात्री परत पिठी.