ओळीमागचा मुकादम

६ जून १९८८

दुपारी पोचले. बसथांब्यापासून शेतवाडीपर्यंत गाढवाच्या गाडीतून यावं लागलं, तरी मन खुशीत आहे. घर उंच छताचं आणि कोरडं. न्हाणीघराशेजारची खोली अंधारखोली म्हणून मला दिली आहे. दार घट्ट लागतं, फटीतून उजेड येत नाही, नळाचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. कैरोत मला एवढी जागा कधीच मिळाली नव्हती.

स्वयंपाक आणि घर तफीदा सांभाळते. साठी ओलांडलेली, कंबरेत काटकोनात वाकलेली. माझ्याकडे बघायचं तर मान तिरकी करते. फितीर, म्हणजे तुपाची पदरी पोळी, आणि मध पुढ्यात सरकवून म्हणाली, खा, इंजिनियरबाई, अंगावर मूठभर मांस नाही, कैरोत काय नुसतं औषधाचं पाणी पिता? मी म्हटलं, मी इंजिनियर नाही, फोटो धुणारी केमिस्ट आहे. ती म्हणाली, तेच ते.

८ जून

ज्यांच्या प्रिंट काढायला मला बोलावलं आहे त्या निगेटिव्हच्या पेट्या उघडल्या. काचेच्या प्लेटा, १९३२च्या उन्हाळ्यातल्या. शेतवाडीचे मालक हाजेम बे यांच्या आजोबांनी फोटोग्राफर बोलावून काढून घेतलेल्या. जवळजवळ सगळ्या एकाच कामाच्या: कापसावरची अळी वेचणं. पोरं ओळीनं शेतात शिरतात, प्रत्येक पान उलटून खाली अंडी आहेत का बघतात, असतील तर पान खुडून झोळीत टाकतात. ओळीमागे मुकादम. पांढरा झगा, हातात वेताची छडी. पोरांचे चेहरे कुठेच नाहीत, फक्त पाठी. काचेवरचा थर उत्तम टिकला आहे.

खिडकीतून समोरच्या शेतात आजही अशीच एक ओळ दिसते. शाळांना सुट्टी लागली.

सर्वांत स्पष्ट प्लेटची प्रिंट काढून तफीदाला दाखवली. टोकाची पोर मीच, म्हणाली. चेहरा दिसत नाही, मग कशावरून? म्हणाली, स्वतःचं ढुंगण ओळखायला चेहरा कशाला लागतो? आणि खदखदून हसली. मग तिचं बोट मुकादमावर गेलं आणि हसू थांबलं. म्हणाली, हा मेतवल्ली मुकादम. पाठ सरळ केली की छडी. त्या उन्हाळ्यात एकदा तिनं केली होती. मणक्यावर बसली. त्यानंतर ती सरळ उभी राहिलीच नाही.

११ जून

हाजेम बे येऊन गेले. पुढच्या महिन्यात परदेशी कापूस-व्यापारी येणार. दिवाणखान्यात हे फोटो टांगायचे आहेत. पोरं चालतील, गोड दिसतात, पण छडीवाला नको. फक्त प्रिंटवर झाकू का, असं मी विचारलं. म्हणाले, काचेवरूनच काढा, नाहीतर उद्या कुणीतरी दुसरी प्रिंट काढेल. काम पसंत पडलं तर त्यांच्या कैरोच्या कार्यालयातली अंधारखोली कायमची माझी.

मूळ काच खरवडणं आमच्या धंद्यात पाप. मी हो म्हटलं.

१३ जून

पहिली प्लेट केली, तफीदा टोकाला आहे ती. निगेटिव्हवर पांढरा झगा काळा दिसतो, त्यामुळे काम सोपं: खालून उजेड घ्यायचा आणि बारीक चाकूनं काळा थर पातळ करत न्यायचा, मागच्या झाडांशी जुळेपर्यंत. मग पेन्सिलीनं पानं भरायची. आधी छडी, मग हात, शेवटी डोकं. चेहरा खरवडताना चाकू एकदा अडला. धार गेली असेल.

प्रिंट स्वच्छ आली. तिथे कुणी उभं होतं असं वाटतही नाही.

१४ जून

उजेडात प्रिंट पुन्हा पाहिली. पोरं कालच्याएवढी वाकलेली वाटत नाहीत. प्लेट बदलली का ते तपासलं. तीच आहे, कोपऱ्यातला तडाही तोच.

न्याहारीला तफीदा चहाचं तबक घेऊन आली. वरच्या फळीवरची साखर तिनं स्वतःच काढली. आधी माझ्या लक्षात आलं नाही, मग आलं. ती सरळ उभी होती. माझ्याहून उंच आहे. म्हणाली, इंजिनियरबाई, कुठलं औषध घातलंस पाण्यात? आणि खिडकीपाशी जाऊन कितीतरी वेळ आभाळ बघत राहिली.

१६ जून

त्याच प्लेटची दुसरी प्रिंट काढली. पोरं उभी आहेत. चेहरे आहेत. भिंगाखाली प्लेट पाहिली: जिथे पाठी होत्या तिथे डोळे आहेत, थराचा कण न् कण शाबूत. याला माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे बघतात.

तफीदाला विचारलं, मुकादम ओळीत कुठे असायचा? म्हणाली, मागे, नेहमी मागेच. दिसत नाही याचा अर्थ तो पाठीशी आहे.

१७ जून

अंधारखोलीत लाल दिव्याखाली ट्रेवर वाकले होते. मागे टाचेचा आवाज. दार आतून बंद. सरळ व्हायला गेले आणि पाठीवर —

आरशात पाहिलं. खांद्यापासून कंबरेपर्यंत एक बारीक लाल रेघ.

१८ जून

बॅग घेऊन निघाले. कालव्याच्या पुलापर्यंत पोचले असेन. भान आलं तेव्हा काठच्या एरंडापाशी वाकून पानं उलटत होते. एकेक. मागे पावलं. बॅग तिथेच राहिली. ओळ धरून परत आले.

प्रिंटमधली पोरं आता कमी आहेत. चौकटीबाहेर निघून जात आहेत. मुकादमाला मागे चालायला ओळ लागते.

१९ जून

उपाय आहे. निगेटिव्हवर लाल रंग चढवला की प्रिंटमध्ये पांढरं उमटतं. झगा परत काढता येईल. तो परत काचेत. पोरंही परत. आणि तफीदा —

रंग कालवला. ब्रश प्लेटवर धरला. तफीदा चहा घेऊन आली. ब्रश पाहिला, माझी पाठ पाहिली. तिला कळलं. म्हणाली, काढ त्याला परत काचेत, पोरी. तुझं वय उभं राहायचं. मला सवय आहे, आणि आभाळ बघून झालं माझं.

हे ती सरळ उभी राहून म्हणाली. तबकातले पेले वाजत होते.

ब्रश धुऊन ठेवला. प्लेट जमिनीवर आपटली. आता त्याला काचेत परत घालून तफीदाला वाकवणं कुणालाच —

२१ की २२

पाठ वर होत नाही. वही जमिनीवर ठेवून लिहिते. प्रत्येक पान उलटून खालची बाजू बघावी लागते, मगच पुढचं. खाली काही नाही. पुढचं. काही नाही.

अंगणात तफीदा हाका मारते आहे. वर बघ पोरी — एकदा वर बघ —

छडी उचलल्याचा आवाज. मी फक्त मान तिरकी करून वर —