न दचकणारी पिल्लं

९ जानेवारी, सकाळ
आजपासून नोंदी. यूट्यूबवरचे ते परदेशी गृहस्थ सांगत होते, नोंदीशिवाय ब्रीडिंग म्हणजे नुसती पैदास. सांगत होते इंग्रजीत, पण सूर कळला. माझा कान तेज. सावद्याला हमाली करायला आलो तेव्हा केळीच्या घडावर टिचकी मारून सांगायचो, हा दिल्ली गाठेल, हा भुसावळलाच पिकेल. त्या टिचकीवर आज बाग, शेड, दोन ट्रक.

निश्चय : खान्देशचं स्वतःचं राखणीचं कुत्रं तयार करायचं. विदेशी कुत्रं मे महिन्यात कूलरपुढून उठत नाही आणि गावठी कुत्रं पान पडलं तरी भुंकतं. आपलं कुत्रं धिप्पाड, निरोगी, थंड डोक्याचं. आणि पांढरं. केळीच्या अंधाऱ्या बागेत पांढरंच दिसतं.

नर : बसराई. बोदवडहून आणलेला, पांढरा, अंगावर काळे ठिपके.
मादी : श्रीमंती. त्याचीच मुलगी. पूर्ण पांढरी, एक कान तेवढा काळा.
नावं केळीच्या जातींवरून. महालक्ष्मी हे नावही डोक्यात होतं, घरून मनाई झाली.

१२ जानेवारी
बायकोने, भिकुबाईने, जोडी पाहिली. म्हणाली, अहो, बाप आणि लेक? मी शांतपणे समजावलं. केळीच्या एका खोडाभोवती दहा पिलं फुटतात. त्यातलं जोरदार एक ठेवायचं, बाकीची कोयत्याने कापायची. पुढच्या वर्षी तीच पिलबाग. तिथे कोणी नातं विचारतं का? टिश्यू कल्चरची हजार रोपं एका आईची, म्हणून तर घड एकसारखे.
ती म्हणाली, पिल वेगळं आणि पिल्लू वेगळं.
शब्दावर अडून बसली. जेनेटिक्स हा विषय घरात काढायचा नाही.

१४ मार्च, पहाटे
सात पिल्लं. सातही बर्फासारखी. एकाच्याही अंगावर डाग नाही, श्रीमंतीचा काळा कानसुद्धा कोणी घेतला नाही. जी-नाईन केळीची रोपंही इतकी एकसारखी निघत नाहीत.

सकाळी ९
एक गेलं. निसर्गाने विरळणी केली.

१७ मार्च
अर्ली ट्रेनिंग सुरू. तिसऱ्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत, रोज प्रत्येक पिल्लू. बोटांच्या मध्ये कापसाच्या काडीने गुदगुल्या. डोकं वर. डोकं खाली. पाठीवर. ओल्या टॉवेलवर. प्रत्येकी पाच सेकंद, जास्त नाही. यानं हृदय मजबूत होतं, ताण सोसतो. भिकुबाई दारातून बघत होती. म्हणाली, आपल्या दोन लेकरांना पाच सेकंद घेतलं असतं तर तीही आठवण काढती. चेष्टा. पण टॉवेल परत मागितला.

७ एप्रिल
आवाजाचं ट्रेनिंग, दिवस पहिला. पिल्लं चोवीस दिवसांची. स्टीलची थाळी आणि लाटणं. कानापासून दोन हातांवर मारलं. एकही दचकलं नाही. बसराई मात्र शेडमधून पळून पार गोठ्यात. बापाचं ट्रेनिंग लहानपणी झालं नाही, त्याचा हा पुरावा.

११ एप्रिल
लवंगी माळ लावली. सहाच्या सहा झोपलेली. एकाने कूस बदलली, बस. भिकुबाईच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं, शेजारचे छगनआबा काठी घेऊन आले. सहा पिल्लं मात्र देवळातल्या मूर्तीसारखी.
इतका लवकर रिझल्ट परदेशातही नाही. व्हिडिओखाली कॉमेंट टाकली. उत्तर आलं नाही. जळत असतील.

२ मे
नजीर टेम्पो घेऊन शेडला आला. पंचवीस वर्षांची दोस्ती, आम्ही एकाच ट्रकवर घड चढवलेत. पिल्लं टेम्पोच्या वाटेत पसरलेली. त्याने हॉर्न दिला. एक हललं नाही. लांब हॉर्न. नाही. शेवटी उतरून एकेक उचलून बाजूला ठेवलं. मला म्हणाला, नाना, ही हटत का नाहीत? मी म्हटलं, नर्व्ह. तो म्हणाला, ब्रेक लागला नसता तर सगळ्या नर्व्ह रस्त्यावर दिसल्या असत्या.
चहाच्या टपरीवर मागून कुजबुज ऐकली : नानांनी कुत्र्यांचं टिश्यू कल्चर लावलंय. ऐकून बरं वाटलं. लोक कळून बोलतात.

१० मे, अक्षय्य तृतीया, आमची अखाजी
भागाबाई अक्का आली. माझी थोरली बहीण, शिरपूरकडे दिलेली. आई गेल्यावर तिनेच मला कडेवर वागवलं. आता सातपुड्याच्या पायथ्याला शेतातच राहते, एकटी, आठ बकऱ्या घेऊन. दहा वर्षांपासून दोन्ही कान गेलेत. किती वेळा सांगितलं, सावद्याला ये. बकऱ्या सोडत नाही.
यंदा माहेरची भेट म्हणून लुगडं नाही. सहातलं सगळ्यात पांढरं, सगळ्यात शांत पिल्लू. नाव जी-नाईन. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी चांगलं कुत्रं म्हणजे कानच.
अक्काने त्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, हाई भुकस का?
मी हातवारे करून सांगितलं, गरज पडेल तेव्हाच भुंकेल.
हसली. पिल्लू पदरात घेतलं.

२२ मे
यावलकडे केळीच्या बागेत बिबट्या दिसला. मजूर बागेत शिरायला तयार नाहीत. मागणी वाढणार. तीन पिल्लांना गिऱ्हाईक पक्कं, तिघेही बागायतदार. दोन मी ठेवणार, पुढच्या पिढीसाठी. श्रीमंतीच्या पोटी त्यातलाच नर. पिलबाग धरायची ती अशी.

३ जून
डॉक्टर तहरीम लस टोचायला आल्या. जळगावच्या, वयाने लहान, पण हात हलका. पिल्लू टेबलावर ठेवलं आणि त्याच्यामागे जाऊन टाळी वाजवली. पिल्लू समोर बघत राहिलं. मी अभिमानाने म्हणालो, बघा ट्रेनिंग.
त्या म्हणाल्या, नाना, याचे कान तपासायला हवेत.
मी दोन्ही कान उलटे करून दाखवले. गोचीड नाही, मळ नाही, आत गुलाबी.
म्हणाल्या, आतून नाही, ऐकू येतं का ते. पूर्ण पांढऱ्या कुत्र्यांत कधी कधी कानाचा दोष येतो, आणि तुम्ही बापलेकीचा जोड लावलाय, दोष असेल तर दुप्पट होऊन उतरतो. चांगली जात करायची तर आधी दोष शोधावा लागतो, रंग नंतर. घरीच बघता येईल. पिल्लू झोपलेलं असताना मागून, दिसणार नाही असं, जमिनीला धक्का न देता आवाज करा. प्रत्येक पिल्लाचा वेगळा. तोवर कोणाला देऊ नका.
चार दिलीत हे सांगितलं नाही. उगाच विषय वाढतो.
निश्चय : उद्या टेस्ट.

४ जून
ट्रक अडकला. टेस्ट रविवारी.

९ जून, रविवार
पिल्लं झोपली होती. झोपेतून उठवणं आरोग्याला वाईट. शिवाय पुस्तकी मुलगी आहे. पांढरा बैल बहिरा असतो का? पांढरा घोडा?

२१ जुलै
अक्काकडे जाऊन आलो. जी-नाईन छान भरलाय, केस चमकदार, भूक उत्तम. अक्का खाटेवर, तो खाटेखाली. मी आणि नजीर पार जवळ जाईपर्यंत दोघांनाही पत्ता नाही. दोघांचा स्वभाव जमलाय.

अडचण एकच. तिचं जुनं गावठी कुत्रं, खंड्या. पान पडलं, भुंकतो. वाटेने सायकल गेली, भुंकतो. माझी नजर सारखी जी-नाईनवर होती. खंड्या भुंकतो तेव्हा हा झोपलेला. खंड्या उठून पळाला आणि याला दिसला की हा त्याच्यामागे. म्हणजे नुसती कॉपी. स्वतःचा निर्णय नाही. असंच राहिलं तर सगळं ट्रेनिंग पाण्यात.
खंड्याला टेम्पोत घालून सावद्याला आणलं. अक्का दोरी हातात धरून उभी होती. म्हणाली, नेऊ नको रे भाऊ, तो मना कान शे.
मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, आता नवा कान दिलाय, चांगल्या जातीचा.
तिला किती कळलं कोण जाणे. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभी होती.

८ ऑगस्ट
खंड्या इथेही तेच करतो. माझा ट्रक फाट्यावरून वळला की शेडमध्ये उभा राहतो. आज त्याला माझ्याआधी ऐकू आलं. हे काही मला आवडलं नाही.

२ सप्टेंबर, पोळा
झुलालचा फोन. अक्काच्या शेजारचा शेतकरी, भला माणूस. त्याचं वासरू बिबट्याने नेलं. दिवेलागणीला, गोठ्यातून. म्हणाला, नाना, अक्काले काही दिवस लई जा, हाई जनावर आठेच फिरी ऱ्हायनं.
मी म्हटलं, घाबरू नको, तिच्याकडे जी-नाईन आहे.
तो म्हणाला, शे तर शे.
त्या सुरात काहीतरी होतं. कान माझा तेज, पण फोनची लाईन खराब होती.
निश्चय : पुढच्या आठवड्यात अक्काकडे चक्कर.

९ सप्टेंबर
गणपतीची गडबड. चक्कर शनिवारी.

१४ सप्टेंबर, शनिवार, दुपारी २
शेडसमोर नजीरच्या टेम्पोचं टायर फुटलं. तोफेसारखा आवाज. मी खुर्चीतून उभा. भिकुबाई बाहेर पळाली. खंड्या खाटेखाली. बसराई गोठ्यात. श्रीमंतीनेसुद्धा मान वर केली.
दोन पांढरी कुत्री दहा फुटांवर झोपलेली. पोटं संथ वरखाली.
मी बघत राहिलो. नजीरही बघत राहिला. मग स्टेपनी काढायला वाकला.

अडीच
टेस्ट घेतली. डॉक्टरीणबाईंनी सांगितली तशी. चपला काढून, मागून, थाळी हवेत धरून.
पहिलं : नाही.
दुसरं : नाही.
नाव घेऊन हाक मारली. नाही. दोघांवर माझी सावली पडली तेव्हा उठली आणि शेपट्या हलवायला लागली. मी थाळी खाली ठेवली आणि फोन काढला.
ज्यांना पिल्लं दिली त्या तिघांना फोन केले. एकाने विचारलं, काय झालं नाना, आमचा तर कधी भुंकतच नाही, तुम्ही म्हणाला होता तसाच. दुसरा म्हणाला, मागून जाऊन पाहतो. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला आणि तो काय बोलला ते इथे लिहीत नाही. तिसऱ्याशी तर जन्मोजन्मीचं नातं असल्यासारखा गोड बोललो आणि कुत्रं घरात बांधायला सांगितलं.
झुलालला फोन. तो शिरपूरच्या बाजारात. कालपासून अक्काच्या शेताकडे गेलेला नाही.
टायर बदललं. नजीरबरोबर निघतोय. खंड्याला बरोबर घेतलं. त्याला बोलवावं लागलं नाही, चावीचा आवाज ऐकून स्वतःच चढला.

सव्वासहा, अक्काचं शेत
टेम्पोत बसून लिहितो आहे.
आलो तेव्हा अक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. पाठ आमच्याकडे. जी-नाईन तिच्या पायाशी. टेम्पो अंगणात येऊन थांबला, इंजिन बंद झालं, दार आपटलं. दोघांनी वळून पाहिलं नाही. मी समोर गेलो तेव्हा तिचं तोंड फुललं. जिवंत आहे. एवढं लिहून घेतो.

आठ बकऱ्यांपैकी पाच. म्हणाली, दोन दिन व्हयनात, तीन बकऱ्या दिसत नईत, कोठे चुकी गयात कोण जाणे.
काल पाऊस झालेला. जमीन ओली. बकऱ्यांच्या कुडापासून ठसे निघतात, माझ्या मुठीएवढे, नखं न उमटलेले. अंगणातून येतात. तिच्या खाटेला एक वेढा घालतात. उशाशी थोडे थांबल्यासारखे खोल आहेत. जी-नाईन झोपतो तिथे त्याच्या अंगाचा खळगा पडलाय. त्या खळग्यापासून एक ठसा वीतभर लांब.
खंड्या खाली उतरला नाही. भुंकलाही नाही. सीटखाली शिरलाय आणि थरथरतोय.

अक्का जी-नाईनच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, तुना कुत्रा भलता गुणी शे. बिल्कुल तरास नई. बठ्ठी रात चुपचाप पडी ऱ्हास.
मी तिचे खांदे धरले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, अक्का, कुत्रं बहिरं आहे. बहिरं. बहिरं.
तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग हसून म्हणाली, वरडू नको रे भाऊ. मी बहिरी शे हाई बठ्ठा गावले माहीत शे. तेन्हाकरताच तर तू माले कुत्रा दिधा ना.
नजीरने तोंड फिरवलं.

वनखात्याला फोन लागला. पिंजरा उद्या दुपारी. तोवर घरात राहा म्हणाले. घराला दार म्हणजे तुराट्यांची ताटी. टेम्पोत बसवायला गेलो तर अक्का म्हणते, बकऱ्या कोण पाहणार? बकऱ्यांना टेम्पोत चढवायचं ठरलं. दोन चढल्या. तिसरी चढत नाही, चारी पाय रोवून शेजारच्या केळीच्या बागेकडे बघत उभी आहे.
नजीर म्हणतो, नाना, वही मिटा आणि जरा ऐका.
झुलालच्या केळीत पान वाजतंय. वारा नाही.
जी-नाईन झोपला आहे.