बाबांची समुद्राकाठची चक्कर

प्रिय गजेंद्र,

फोन असताना दादा चिठ्ठी काऊन लिहून राहिला, असं तुला वाटेल. तुझ्याशी फोनवर बोलायला लागलो की बाबा शेजारी येऊन बसतात आणि दोन मिनिटांत फोन त्यांच्या कानाला असतो. आज ते आईला घेऊन जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले आहेत, तेवढ्यात लिहून घेतो. इकडे कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, मृग बहराचा संत्रा झाडावर बरा दिसतो, तुझ्या दामिनीवहिनीचा खोकला एकदाचा थांबला.

दिवाळीनंतर बाबा कोकणात तुझ्याकडे राहून आले, तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट सुरू आहे. तुझ्या गावाजवळची समुद्रात घुसलेली ती टेकडी आणि तिच्याभोवती तुम्ही दोघांनी घातलेली चक्कर. जेट्टीवरून निघायचं, खडकांच्या कडेनं टोकापर्यंत जायचं, दीपगृहाखालून वळायचं आणि काजूच्या झाडांतून उतरून पुन्हा जेट्टीवरच यायचं. पांढुर्ण्याच्या मंडीत, सौंसरच्या बाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं कोणी ऐकेल तिथं बाबा ही वाट सांगतात. शेजारच्या रामाजींना तर ती पाठ झाली आहे. "पानी किती रे बापा! तिन्ही अंगानं पानीच पानी," असं म्हणून बाबा हात पसरतात. आणि शेवटी न चुकता, "गजूनं माहा हात धरला होता. तो पडू देते का मले!"

हे ऐकलं की मी गोठ्याकडे निघून जातो. खरं सांगतो, जळतो मी. पन्नाशीला आलेला माणूस धाकट्या भावावर जळतो हे सांगायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. लहानपणी गोटमारीच्या दिवशी, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेक चालायची तेव्हा, आपण सावरगावच्या बाजूनं बघायला जायचो, आठवतं? तू बाबांच्या खांद्यावर असायचास. मला ते सांगायचे, सदऱ्याचं टोक पकड, सोडू नको. त्या गर्दीत नदी मला कधी दिसलीच नाही, बाबांची पाठ तेवढी दिसली. नंतर शेतातही तेच. रोज सकाळी ते पुढे आणि मी मागे. कोणत्या झाडाला पाणी पोचलं नाही, कोणती फांदी वाळली, एवढंच बोलणं. तू वर्षातून एकदा येतोस, तर तुझ्यासाठी ते स्टेशनवर गाडी यायच्या तासभर आधी जाऊन बसतात.

पण चकरेचं मी सहन केलं असतं. तुझ्या बायकोनं, श्रुतीनं, दामिनीला फोनवर सांगितलं ते मात्र माझ्या घशाखाली उतरलं नाही. टोकावरच्या खडकावर बसून बाबा तुला म्हणाले म्हणे, "गौतमची रेलवाईची नोकरी मीच हातची घालवली. त्याले बांधून ठेवलं मी. चुकलंच माह्यं." श्रुतीचा हेतू चांगला होता, मला बरं वाटावं म्हणून तिनं सांगितलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. अरे, आमला स्टेशनला रुजू व्हायचं म्हणून मी पेटी भरली होती आणि बाबांनी ती उचलून आत नेऊन ठेवली होती. तेव्हा तू शाळेत होतास. इतकी वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली. एवढं मोठं शेत आहे, हजार वेळा आम्ही दोघंच असतो. ते वाक्य माझं होतं, गजू. ते तुला मिळालं. आणि तूही मला कळवलं नाहीस.

मग मी एक वेडेपणा केला. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी बाबांना म्हटलं, चला, आपल्या संत्र्याच्या बगिच्याभोवती धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, एक चक्कर मारू, काम काहीच नाही, नुसतं फिरू. ते चक्क तयार झाले. विहिरीजवळून निघालो. मनात म्हटलं, आता बोलतील. निम्मी चक्कर झाली आणि ते एका झाडापाशी थांबले, बुंध्यावरून हात फिरवला. "काऊन रे, झाड डिंकलं हे. पेस्ट कवा लावली होती?" झालं. घरी येईपर्यंत त्या डिंक्या रोगाचंच बोलणं. पण परतताना ते सपाट धुऱ्यावर दोनदा ठेचाळले. दुसऱ्यांदा माझ्या अंगावरच आले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो डिंक त्यांनी पाहिला नव्हता, हातानं चाचपला होता.

नागपूरला नेऊन डोळे दाखवले. हे तुला फोनवर सांगता आलं नाही, कारण बाबांनीच मना केलं होतं. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला आहे. उजव्याचीही नजर आक्रसत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं औषधानं जितकं टिकेल तितकं टिकवू. येताना गाडीत बाबा खिडकीशी बसून होते. काटोल गेलं, नरखेड गेलं. पांढुर्णा जवळ आलं तेव्हा म्हणाले, "गजूले सांग, एक डाव अजून त्या टेकडीभोवती फिरवून आन म्हणा मले. दिसून राहिलं तोवर." मी म्हटलं, मी नेतो ना बाबा. तर माझ्याकडे मान पूर्ण वळवून पाहिलं आणि म्हणाले, "तुले कुठं वाट माहीत हाय?"

त्यासाठीच ही चिठ्ठी. संत्रा उतरला की मी बाबांना घेऊन तुझ्याकडे येतो आहे. ती वाट मला नीट लिहून पाठव. कुठं चढ आहे, कुठं शेवाळ आहे, ओहोटी कधी बघून निघायचं, बसायला तो खडक कोणता. जेट्टीवरून कोणत्या अंगानं सुरुवात केली तर समुद्र उजव्या हाताला राहतो, तेही लिही, कारण त्यांना आता त्याच बाजूनं दिसतं. तिथं ते माझ्याशी बोलतील की तिथंही मला डिंक्याचंच विचारतील, ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी तू सोबत येऊ नकोस, गजू. बँकेत काम निघालं म्हण, ताप आला म्हण, काहीही सांग. बाबा खूप आग्रह करतील, तरी तू घरीच राहा.

तुझाच, रागावलेला तरी तुझाच,
गौतमदादा