मागाच्या खोलीचं दार

बाबा, जमिनीवर खोली आखलेल्या चुन्याच्या रेघेत दारासाठी सोडलेल्या जागेत ती उभी राहिली, तिने काही जड उचललं असल्यासारखे दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "पण माग बाहेर निघेल ना?" माझं सगळं बदललं ते तिथं. कॉलेज सुटलं तेव्हा एवढं बदललं नव्हतं. तुम्ही गेले तेव्हा मी नववीत होतो. काय गेलं हे कळायलाच पुढं बरीच वर्षं लागली. हे मराठीत लिहून राहिलो, कारण या हिंदी मुलखात घरी मी हिंदीत बोललं की तुम्ही बहिरे झाल्यासारखे पेपर वाचत बसायचे. आई अजून म्हणते, "बापाच्या धाकानं पोट्टा मराठी शिकला, बाप गेला अन् पुन्हा हिंदीवर आला."

तुम्ही तिला पाहिलं नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल. ती कॉलेजात माझ्या वर्गात होती. दुसऱ्या वर्षाला एक पोट्टा तिच्याबद्दल घाण बोलला, मी त्याच्या कानाखाली वाजवली. प्राचार्यांनी माफी लिहून मागितली. मी त्यांच्या खोलीचं दार धाडकन आपटून बाहेर आलो, तो परत गेलोच नाही. वाटलं होतं, ती खूश होईल. ती गेटवर भेटली आणि म्हणाली, "काहून मारलं? मी सांगितलं होतं का तुले?" तिच्या घरी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात, आपली बोली ती फक्त माझी टर उडवायला काढते. पण तिच्या तोंडून 'का'ऐवजी 'काहून' ऐकलं आणि चिडायचं सोडून मी पार कामातून गेलो. तेव्हापासून तुमचं वेल्डिंग मशीन मी चालवतो. गेट, ग्रिल, गाडीचे शेड, मिळेल ते.

या हिवाळ्यात तिचा फोन आला. चौबे कॉलोनीत त्यांचं घर आहे, मागे बाग, बागेत एक आंबा आणि बाकी सगळी कुंड्यांची गर्दी. तिला हातमागाचा नाद लागला आहे. एका विणकराच्या घरून तिने जुना माग आणला, लाकडी, पलंगाएवढा, आणि सांधे असे मुरलेले की खोलायला गेलं तर लाकूडच फाटेल. तो त्यांच्या हॉलमध्ये ठेवला होता आणि त्याच्या खटखटीत तिच्या बाबांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नव्हत्या. म्हणून बागेत मागासाठी वेगळी खोली. "तू नीट करशील म्हणून तुला सांगतेय," ती म्हणाली. "अन् हो, इथं कोणाले मारायचं नाही."

मी तुमच्याच रीतीने सुरुवात केली. उरला वसाहतीतल्या लोखंडाच्या मिलमधून शिफ्ट करून तुम्ही यायचे तेव्हा भुवयांवरही धूळ असायची, तरी सुट्टीच्या दिवशी लोकांची कामं घ्यायचे. पाइप कापायच्या आधी जमिनीवर चुन्याने पूर्ण खोली आखायचे आणि मालकाला म्हणायचे, "आता दिवसभर हिच्यात राहून पाहा." आपल्या वस्तीतल्या, पाऱ्यातल्या विहाराच्या खोलीच्या वेळी बायका चुन्याच्या रेघांत सतरंजी टाकून बसल्या होत्या, येणारे-जाणारे हसत होते. दुपारी ऊन बरोबर त्यांच्या डोळ्यांवर आलं तेव्हा तुम्ही पायाने एक रेघ पुसली आणि खिडकी पलीकडे सरकवली. भिंत उभी राहायच्या आधीच तुम्हाला ती दिसायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापांना दिसत असेल.

त्यांच्या बागेतही मी तशीच खोली आखली. तिचे बाबा, त्यांना मी काका म्हणतो, सरळ भिंत ओलांडून चष्मा घ्यायला घरात गेले. ती मात्र दर वेळी वळसा घालून दारातूनच यायची. एकदा तर तिने नसलेली कडी काढली, आत आली आणि परत लावली. चुन्याची भिंत, बाबा, पाय उचलला की संपली, पण ती तिला भिंतच मानून चालत होती. माझ्या हातातला टेप सरकन आत गेला ते मला कळलंही नाही. मग ती स्टुलावर बसली, हवेतच धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकला आणि म्हणाली, "खिडकी उत्तरेला दे. ऊन पडलं की सूत दिसत नाही." आणि मग उठून दाराच्या जागेत गेली आणि तिने ते विचारलं, माग बाहेर निघेल ना.

"बाहेर काहून निघायचा?" मी म्हटलं.

"अरे, मी कायमची थोडी इथं राहणार! विणकाम शिकायला कुठं जागा मिळाली की जाणार. माग सोबत नेणार. निघेल ना?"

"हव," मी म्हणालो.

घरी येऊन मी चौकट कापली ती तीन फुटांची. तिचा माग साडेचार फूट रुंद आहे. मी मनात ठरवलं, पाठीमागची भिंत शेवटी बसवायची, माग तिकडून आधीच आत घ्यायचा, मग भिंत बंद. कोणाच्या लक्षात येणार नव्हतं. माग आत राहिला की ती राहील, निदान मागासाठी तरी परत येत राहील, असं माझं डोकं चालून राहिलं होतं. वेल्डिंग इतकं सुरेख झालं होतं की मी त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

ती घरी नसताना चौकट नेऊन उभी केली. काका आले, एका डोळ्याने पाहिलं आणि खूश झाले. "बस, तीन फूट पुष्कळ आहे. बाकी भिंतीवर माझी पुस्तकं येतील. माग कुठं जातो? अन् ही पोरगी तरी कुठं जाते? बोलते नुसती." हसत हसत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या पोटात लपवलेली गोष्ट तो माणूस बागेत उभा राहून मोठ्याने बोलत होता, आणि त्याच्या तोंडून ती किती वाईट ऐकू येत होती! "काका, लेव्हल चुकली आहे," असं काहीतरी बोलून मी चौकट टेम्पोत टाकली आणि परत आणली.

ती चौकट आपल्या दारातून आत नेताना कुठंच अडली नाही. आपल्या दोन खोल्यांच्या घराला दोन पल्ल्यांचं दार, पाऱ्यातले लोक त्याला गोदाम म्हणतात. तुम्हाला आठवतं ना, समोरच्या आजीची कंबर मोडली तेव्हा त्यांच्या बोळकांडीच्या दारातून खाट वळेना. शेवटी तिला खुर्चीवर बसवून काढलं, ती ओरडत होती, आणि खुर्चीचा एक पाय तुम्ही धरला होता. पुढच्याच सुट्टीला तुम्ही छिन्नी घेऊन आपल्या दाराच्या बाजूची भिंत फोडायला बसले. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "काहून तोडून राहिले चांगली भिंत? चोराले सोपं जावं म्हणून?" तुम्ही छिन्नी न थांबवता म्हणाले, "आत काय येते ते पाहून दार करत नसतात. बाहेर काय जाईल ते पाहावं लागते." आई म्हणाली, "काय जाणार आहे आपल्याकडून बाहेर? पाण्याचा पितळेचा गुंड?" तुम्ही हसले. आई पण हसली, आणि पोळी करपली. पुढे तुम्हाला बाहेर नेलं तेव्हा खांदा देणारे चौघेही सरळ चालत गेले. कोणी "थोडं तिरपं करा" म्हणालं नाही. त्या दिवसातलं मला एवढंच स्पष्ट आठवतं.

त्याच दारात बसून मी ग्रायंडर लावला आणि ती सुरेख चौकट कापून टाकली. नवी केली पाच फुटांची, दोन पल्ल्यांची. ती उभी केली तेव्हा काका तडकले. "अरे, हे काय? गॅरेज बांधतोस का? पुस्तकं कुठं ठेवू मी?" मी म्हटलं, "काका, माग बाहेर निघाला पाहिजे." ते म्हणाले, "तुला सांगितलं ना, तो जात नाही!" आणि माझी सटकली. "तर दुसऱ्याकडून करून घ्या! मी करीन तर दार असंच होईल." ती मागच्या ओट्यावर उभी होती. मला वाटलं, पुन्हा विचारते की काय, काहून भांडलास. काकांचा चष्मा खाली पडला होता, तो तिने उचलून दिला आणि म्हणाली, "बाबा, पुस्तकं माझ्या खोलीत ठेवा. मी गेल्यावर रिकामीच राहील." काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग मला म्हणाले, "चहा घेशील?"

काल दुपारी माग आत गेला. आधी चारही भिंती आणि छत झालं, मग दोन्ही पल्ले उघडून समोरून नेला. एकीकडून काका, एकीकडून मी, आणि ती आमच्या पुढे उलटी चालत "हळू, हळू रे!" करत होती. कुठंही घासला नाही. ती म्हणाली, "म्हणजे असाच निघेल." मी म्हणालो, "हव." या वेळी ते खरं होतं. मग ती बसली. पाय मागाच्या खालच्या पट्ट्यांवर पडले, धोटा इकडून तिकडे गेला, उत्तरेचा उजेड तिच्या बोटांवर आणि सुतावर सारखा पडला होता. इतकी चांगली खोली मी आजवर केली नाही, बाबा, आणि त्यात खोलीपेक्षा तिचं बसणं जास्त चांगलं होतं. काका पेपर हातात धरून तसेच उभे राहिले.

एक सांगायचं राहिलं. रोज उघडायच्या पल्ल्याला मी तेल घातलं, दुसऱ्या पल्ल्याच्या वरच्या कडीला घातलं नाही. जोर लावला की सरकते. पण मला वाटतं, जायच्या दिवशी कडी अडली की ती आधी मला फोन करेल. माझ्यासाठी एवढंच ठेवून घेतलं. तुम्ही 'काहून' विचाराल, म्हणून हा कागद मशीनच्या पेटीतच राहू देतो.

काल संध्याकाळी "निघतो मी," मी म्हणालो. ती मान वर न करता "हं" म्हणाली. लहानपणी रागात मी दार आपटलं की तुम्ही परत बोलवायचे, माझा तळवा कडीखाली ठेवायचे आणि म्हणायचे, "ज्यानं बनवलं त्याच्या हाताले लागते रे." मी बाहेर आलो. आत खटखट चालूच होती. कडीखाली तळवा धरला आणि दार हळूच लावलं.