परवान्याला जोडलेले दोन कान

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला थांबला का आणि कानातलं यंत्र तुम्ही घालता की अजून चष्म्याच्या घरातच ठेवता, हे तिन्ही प्रश्न नेहमीचेच. उत्तरं मात्र या खेपेला खरी द्या. मी ठणठणीत आहे. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत तशी समजूत होती. सविस्तर लिहिते.

शाळेत मुलांची वाचा आणि मुलांचे कान अशी दोन्ही खाती गेली एकतीस वर्षं माझ्याच गळ्यात आहेत, हे तुम्ही जाणताच. त्याचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. पदवीची नक्कल, नव्या शिक्षणाचे तास, मी कुठल्या मुलाला चोप दिला नसल्याचा पोलिसांचा दाखला (इच्छा झाली होती का, हे विचारत नाहीत, ते बरं), या सगळ्याला मी सरावले आहे. यंदा मात्र कोणा दीडशहाण्याने नवं कलम घातलं: जो दुसऱ्यांचे कान तपासतो, त्याने स्वतःच्या कानांच्या चाचणीचा आलेख अर्जाला जोडावा. मी कारकुनाला सुनावलं की मी रोज ऐकते, हेच माझं प्रमाणपत्र. त्यावर तो काहीतरी बोलला. काय ते ऐकू आलं नाही, पण चेहरा उद्धट होता. महिनाअखेर परवाना नसेल तर माझ्या खोलीला कुलूप आणि माझी चिमणी दुसरीकडच्या दोन वर्षांच्या रांगेत. चिमणी म्हणजे सात वर्षांची एक मुलगी, जिला मी पाच महिने 'स' शिकवते आहे. आरसा झाला, तोंडासमोर कागदाची पट्टी झाली, सापाचं चित्र झालं; माझ्या वहीत रोज एकच शेरा, 'अजून नाही'. तिला अर्ध्यावर सोडणं शक्य नव्हतं, म्हणून गेले.

तपासायला कोण, तर माझ्याच हाताखाली शिकलेली सुसाट. (फार भरभर बोलायची, म्हणून नाव मीच ठेवलं होतं.) तिने मला जाड भिंतींच्या त्या खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आता दादा, हजारो मुलांना मी या खुर्चीत बसवलं आहे. आधी कुठला कान, मग कुठला, आवाज किती पायऱ्या उतरतो, किती चढतो, सगळं तोंडपाठ. शिवाय समोरच्या काचेतून सुसाटचं कोपर दिसत होतं. कोपर हललं की मी बटण दाबत होते. लबाडी म्हणून नव्हे; हात आपोआप जात होता. (मुलं मला हेच सांगतात आणि मी आजवर एकालाही सोडलेलं नाही.) पहिला नंबर आल्याच्या तोऱ्यात बाहेर आले, तर सुसाट गालात हसत होती. "बाई, शेवटची तीन मिनिटं मशीन बंद होतं. मी नुसतं कोपर खाजवत होते."

मग तिने माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. लबाड मुलांची खुर्ची अशी फिरवायची, हे तिला मीच शिकवलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसले आणि कळलं की ती खोली फार शांत आहे. नको तितकी शांत. जाडे आवाज ठीक होते. बारीक, म्हणजे 'स' आणि 'श' ज्यांच्यात राहतात ते, गायब.

घाबरू नका, परवाना मिळाला. कलमाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'यंत्रासह अथवा यंत्राविना' असं होतं (दीडशहाणा अगदीच वाईट नव्हता). सुसाटने महिनाभर वापरून बघण्याच्या बोलीवर कानात यंत्र बसवून दिलं, पुन्हा चाचणी घेतली आणि सही ठोकली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तर पंखा करकरतो, माझ्या चपला वाजतात, मुख्याध्यापकांच्या नाकातून शीळ येते, सगळं नवीनच. मग चिमणी आरशासमोर बसली आणि म्हणाली, "साबण. ससा. सायकल." घासलेल्या भांड्यासारखा लख्ख 'स'! मी विचारलं, कधी जमलं गं? तर म्हणते, "केव्हाचंच! पण तुम्ही परत परत म्हणायला लावता ना, मला वाटलं, तुम्हाला ऐकायला आवडतं."

दादा, एकतीस वर्षांत मी शाळेतल्या माझ्या खोलीत कधी रडले नाही. त्या दिवशीही नाही. हसताना डोळ्यांत पाणी येतं ते वेगळं. वहीतले सगळे शेरे खोडले आणि तिला सांगितलं, झालं तुझं, आता यायला नको. दारातून वळून म्हणाली, "मग उद्या उगाचच येऊ?" म्हटलं, ये.

तुमची (कधी नव्हे ती नरम झालेली) बहीण

ता. क. दोन वर्षांपूर्वी तुम्ही यंत्र घालायला नकार दिलात, तेव्हा मी तुम्हाला पाच पानी पत्र लिहिलं होतं. ते परत पाठवा. खरं तर त्यासाठीच आज लिहायला बसले. पहिल्या आठवड्यात कान खाजतो, डोकं उठतं, तेव्हा काय करावं ते मी त्यात फार छान समजावलं होतं, आणि आता मला एक ओळ आठवत नाही. 'हट्टी म्हातारा' लिहिलेलं पान तुमच्याकडेच ठेवलंत तरी चालेल.

आणखी एक ता. क. रविवारी येते आहे. तुम्ही तुमचं यंत्र घाला, मी माझं घालते. आपण दोघं जेवायला बसलो की वहिनी इतकी वर्षं स्वयंपाकघरात काय पुटपुटतात, ते एकदा ऐकू. त्यांना आधी सांगू नका.