दुसऱ्या भागातल्या शिट्ट्या

१४ जानेवारी २०१०, गुरुवार

पंधरा दिवस बोलायचं नाही! कुजबुजायचंसुद्धा नाही — कुजबुजण्याने ताण उलट जास्त पडतो म्हणे. गोंदियाच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूंना सूज. दिवाळीनंतर मंडईची, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांची, उद्घाटनं, त्यावर प्रचाराच्या सभा, आणि गावोगावची धूळ. "ताई, आता थांबला नाहीत तर हा आवाज परत यायचा नाही." मी काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. तिसरीतल्या पोरीसारखी गप्प बसले.

आमगावला परतताना गाडीत लखनलाल सारखे हसत होते. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी बोलून राहिलो अन् तू ऐकून राहिली!" असा हा नवरा.

लेकीची, रुचिची, लहानपणची पाटी माळ्यावरून काढली. खडू कुठे आहे कुणास ठाऊक.

१५ जानेवारी

शालीकरामभाऊ आले. तालुक्यात आमचा पक्ष म्हणजे भाऊच. रविवारी, चोवीस तारखेला, कामठ्याला सभा आहे. तिथे आमच्या विरोधात जमुनाबाई उभी आहे. जिच्यासोबत मी गावोगाव दारूबंदीसाठी फिरले, बायकांना गोळा करून मतदानात बाटली आडवी करवली, ती जमुनाबाई! मला न सांगता पलीकडच्या पक्षाचं तिकीट घेतलं. मला पेपरात वाचावं लागलं. अजून राग गेलेला नाही.

पाटीवर लिहून दाखवलं — आवाज नाही.

"आवाज नाही तं नाही, बाई. शब्द तं आहेत ना? तुम्ही लिहा, रुचि बोलेल. कॉलेजची ढाल घेऊन आली ना पोरगी मागच्या साली?"

रुचि दारातच उभी होती. तिचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना.

चपला घालता घालता भाऊ म्हणाले, "जमुनाबाई त्याच सभेत खतम झाली पाहिजे."

१६ जानेवारी

भाषण झालं लिहून. चांगलं उतरलं! मधोमध वाक्य ठेवलं आहे — "बाटली आडवी करा म्हणणाऱ्या बाईच्या घरातच बाटली उभी आहे!" तिच्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, दारूचं दुकान आहे. सगळ्या कामठ्याला माहीत आहे. खोटं काही नाही.

रुचिने दोन वाचनांत पाठ केलं. माझ्यापेक्षा स्मरण चांगलं.

१७ जानेवारी, रविवार

लखनलाल गोंदियाला पिच्चरला घेऊन गेले. "चाल. आज तू बोलणार नाहीस, म्हणजे मले डायलॉग ऐकू येतील." आरोप खरा आहे. मी पडद्याशी भांडते.

'किराये का काल'चा दुसरा भाग. पहिला आम्ही चार वर्षांपूर्वी पाहिला होता, तोही त्यांच्याच हट्टाने, आणि मी चकित होऊन बाहेर पडले होते. सुपारी घेऊन माणसं मारणारा एकटा इसम. ज्याला मारायचं त्याच्या घरासमोर तो बाकावर बसून राहतो. तो माणूस पेरू घ्यायला खाली येतो, सहज एक पेरू याच्यापुढेही करतो. हा खातो. दुसऱ्या दिवशी त्याला मारतो. तो माणूस वाईट होता असं चित्रपटाने कुठेही सांगितलं नाही. टॉकीजमध्ये एक शिट्टी वाजली नव्हती! बाहेर आल्यावर लखनलालनी पानसुद्धा खाल्लं नाही.

आता दुसरा भाग. आधी चांगलं लिहिते, नाहीतर रागात राहून जाईल. मारेकरी म्हातारा झाला आहे. नेम धरण्याआधी खिशातून चष्मा काढतो, सदऱ्याला पुसतो, मग घोडा ओढतो. नुसत्या तेवढ्या चष्म्याने त्याच्या आयुष्याची मधली सगळी वर्षं कळतात. आणि तांदळाच्या गोदामातली मारामारी! पोतं फाटतं, तांदूळ वाहू लागतो, दोघांचेही पाय घसरतात, उभं कुणालाच राहता येत नाही. ना संगीत, ना संवाद. गोंदियाचे लोक, निम्म्यांचं पोट राइस मिलवर — सगळी टॉकीज श्वास धरून. मी वाक्यांवर जगणारी बाई, पण असं शांत सभागृह मला कधी मिळालेलं नाही.

पण बाकीचं काय! पहिल्या भागात एक मारेकरी होता, इथे सात. एक तारेने गळा आवळतो, एक विष देतो, एकीच्या वेणीत सुरा. सातांतल्या एकाचंही नाव घरी येईपर्यंत लक्षात राहिलं नाही. पहिल्या भागात पुलावरून पडून मेलेला सोबती इथे हसत हसत दारातून आत येतो! मेलेली माणसं परत यायला लागली, तर गोळीला घाबरायचं कशाला? आणि खलनायक — पिस्तूल रोखून एवढं लांब भाषण करतो की समोरचा निघून जातो. यावर मला हसू आलं. कामठ्याच्या मागच्या सभेत माझंही तसंच झालं होतं. जेवणाची वेळ झाली आणि माणसं उठून गेली.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. या वेळी सुपारी निघते ती त्याच्या उस्तादाची. ज्याने त्याला बंदूक धरायला शिकवलं, आजारपणात भात भरवला, त्याची. केवढा प्रसंग हाती लागला होता! आणि तिथेच लिहिणारे घाबरले. मध्येच एक जुनी आठवण घुसडली. उस्ताद अनाथ पोरं विकत होता! दोन मिनिटांत उस्ताद राक्षस. मग काय, चष्मा पुसा आणि मारा. गोळी सुटली आणि टॉकीज शिट्ट्यांनी दणाणली. लखनलालनी दोन बोटं तोंडात घालून वाजवली.

परतीच्या गाडीत पाटीवर लिहिलं — उस्तादला वाईट का केलं?

त्यांनी वाचलं, शेंगा सोलता सोलता म्हणाले, "वाईट नसता तं मारताना मजा कशी आली असती?"

१८ जानेवारी

तो 'मजा' शब्द डोक्यातून जात नाही.

माझ्या ओळखीतले निम्मे लोक अशा चित्रपटांवर बंदी मागतात. पोरं बिघडतात म्हणे. मी नाही मागत. रक्त तर पहिल्या भागातही होतं, उलट जास्तच होतं. किती रक्त सांडलं हा प्रश्नच नाही. मरणाऱ्याला शेवटपर्यंत माणूस राहू दिलं की नाही? पहिल्याने राहू दिलं, म्हणून आपण गप्प झालो. दुसऱ्याने आधी त्याचं माणूसपण काढून घेतलं आणि आपल्या हातात शिट्टी दिली. यावर एक व्याख्यान देता येईल! आवाज आला की आमगावच्या वाचनालयात.

१९ जानेवारी

संध्याकाळी रुचि गच्चीवर तालीम करत होती. मी खाली तांदूळ निवडत बसले होते. तिचा आवाज माझ्यापेक्षा गोल आहे. मधल्या वाक्यापाशी आली. "बाटली आडवी करा म्हणणाऱ्या बाईच्या घरातच..." आणि थांबली. किती थांबायचं ते मीच शिकवलं. मग हात वर करून — "बाटली उभी आहे!"

अंगणातून लखनलालनी शिट्टी वाजवली. दोन बोटं तोंडात घालून. "एक नंबर, बेटा!"

माझा हात सुपातच राहिला.

जमुनाबाईने देवरीच्या बसमध्ये सांगितलं होतं. भासऱ्याने दुकान घेतलं त्याच महिन्यात तिने चूल वेगळी केली. दोन भांडी घेऊन गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेली. "त्या पैशाचं मीठ माह्या पोराच्या पोटात नको, बाप्पा." नवरा महिनाभर बोलत नव्हता. हे मला लिहितानाही माहीत होतं. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते वाक्य उभंच राहिलं नसतं.

२० जानेवारी

वाक्य काढलं. त्या जागी रस्ते, तलावाचं पाणी, शाळेच्या खोल्या घातल्या. शालीकरामभाऊंना दाखवायला लखनलालना पाठवलं. निरोप आला — "बाईंले म्हणा, रस्त्यासाठी कोणी मंडपात बसत नाही. त्या वाक्यासाठीच तं सभा आहे."

रुचिचंही तेच. "आई, टाळी तिथेच आहे."

मी लिहिलं — अर्धं सांगितलेलं खोटंच असतं.

"अगं, पण तूच लिहिलंस! आणि तिने तुला विचारलं तरी का तिकीट घेताना?"

पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. पुसली, लिहिलं. माझा खडू तिच्या बोलण्याला गाठू शकत नव्हता. शेवटी तिने तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर पाहत बसली. मी पाटी धरून तिच्यामागे उभी! आवाज असता तर पाठीवरही पोचला असता.

२१ जानेवारी

घरात दोघी मुक्या. एकीला डॉक्टरांनी सांगितलं आहे.

२३ जानेवारी

रुचि जेवताना म्हणाली, "बरं. ते वाक्य नाही घेत."

मी तिच्या ताटात तूप वाढलं. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, का ते कळलं नाही.

२४ जानेवारी, रविवार

कामठ्याहून आत्ता आलो.

मी मंडपात मागे बसले होते, गळ्याला शाल गुंडाळून. मंडप भरलेला. जमुनाबाईचं घर चौकाच्या पलीकडेच. ती दारात पायरीवर बसून ऐकत होती, मांडीवर नात.

रुचि छान बोलली. रस्ते, पाणी, शाळा. लोक चुळबुळायला लागले. भाऊंनी घड्याळ पाहिलं. हे मी स्टेजवरून पुष्कळदा पाहिलेलं आहे, मंडप हातातून निसटतानाचं. तिनेही पाहिलं. आणि घेतलं ते वाक्य. मधला थांबा, वर केलेला हात, सगळं जसंच्या तसं. टाळी पडली. तिथेच थांबली असती तरी —

पण टाळी चढली तिला. म्हणाली, "माझी आई आज बोलू का शकत नाही? जिला बहीण मानली तिने दगा दिला, त्या धक्क्याने माझ्या आईचा आवाज गेला!"

माझा! आवाज!

मंडपातल्या सगळ्या माना मागे वळल्या. मी शाल गुंडाळून बसलेली, तोंडातून शब्द नाही. याहून मोठा पुरावा कोणता? शिट्ट्या सुरू झाल्या. मी हात हलवून नाही, नाही म्हणत होते, तर एका बाईने पदराने डोळे पुसले. पायरीवरची जमुनाबाई नातीला उचलून आत गेली. दार लावलं.

गाडीत भाऊ म्हणाले, "लेक तं आईच्याही पुढं गेली!" पुढंच. दुसऱ्या भागात सगळं मोठं लागतं.

२५ जानेवारी

सकाळी जमुनाबाई दारात! हातात ज्येष्ठमधाची पुडी.

"माह्यानं तुहा आवाज गेला म्हणे, ओमेश्वरी. म्हटलं, आपणच न्यावं औषध."

लखनलाल स्वयंपाकघरात पळाले. रुचि भिंतीला टेकून उभी.

जमुनाबाई खाली बसली, तिने पाणी घेतलं. "तिकिटाचं तुले नाही सांगतलं, ते चुकलंच माहं. भांडली असती तं भांडून घेतलं असतं. पण चूल वेगळी केली, ते तुले माहीत होतं ना वं? मंग ते काऊन नाही सांगतलं?"

मी पाटी ओढली. तिने हाताने दूर सारली. "मले वाचता कुठं येते."

खरंच की! इतकी वर्षं सह्यांच्या जागी तिच्या अंगठ्याला शाई मीच लावली. हात जोडले. तिला ते पुरलं नाही, पुरण्यासारखंही नव्हतं.

उठताना रुचिकडे पाहून म्हणाली, "बोलते छान पोरगी. आईसारखीच." मग मला, "परवा माही सभा आहे त्याच चौकात. लोकं येतीन का नाही, माहीत नाही."

ती गेल्यावर रुचि म्हणाली, "आई, मंडप जात होता गं हातातून."



२६ जानेवारी

लखनलालना लिहून सांगितलं — जमुनाबाईच्या सभेत बोलणार. ते म्हणाले, "पक्ष काढून टाकेल. अन् डॉक्टरनं काय सांगतलं ते याद आहे ना? दोन दिवस थांब, मंग जा."

सभा उद्या आहे.

२७ जानेवारी

जमुनाबाईच्या मंडपात जेमतेम वीस-पंचवीस माणसं. माइक हातात घेतला. म्हटलं, "माझा आवाज सूज येऊन गेला, आणि या बाईने दारूच्या पैशापायी स्वतःची चूल वेगळी केली." दुसऱ्या निम्म्यात आवाज फाटला, 'चूल' तर नुसती हवाच निघाली, म्हणून ते पुन्हा म्हटलं. मग काहीच निघेना. टाळी नाही, शिट्टी नाही. रुचि माझ्या आणि लखनलालच्या आधीच बसने येऊन समोर सतरंजीवर बसली होती. तिने तोंड फिरवलं नाही.